विसाव्यावर तापलेली गाडी

घनश्याम डाखरेने आयुष्यात एकही पार्ट अंदाजाने बदलला नाही, असे पांढरकवड्यातले जुने ड्रायव्हर सांगतात. काही जण कौतुकाने सांगतात, काही वैतागून. कारण घनश्यामकडे गाडी टाकली की ती कधी हाती येईल याचा भरवसा नसे. तो आधी गाडीभोवती फिरायचा. मग ड्रायव्हरला विचारत बसायचा. कधी होते? कुठे होते? भरलेली असताना की रिकामी? चढावर की सपाटीवर?

"तू मिस्त्री हायेस का पोलीस?" ड्रायव्हर चिडून म्हणायचे.

घनश्याम मान हलवायचा. पुढचा प्रश्न विचारायचा.

काम तो वणीला शिकला, कोळशाच्या ट्रकांवर. तिथे ट्रक उभा राहिला की मालकाच्या जिवाची घालमेल व्हायची, म्हणून मिस्त्री घाईने हात चालवायचे. जे समोर दिसेल ते खोलायचे. आठवड्यात तोच ट्रक तेच दुखणे घेऊन परत दारात. घनश्यामला त्या वाया गेलेल्या घामाची चीड बसली. मेहनत करणे वेगळे आणि नुसते दमणे वेगळे, हे त्याला तिथे कळले. पुढे तो गावी परतला आणि जुन्या रस्त्याला टिनाचे शेड टाकून बसला. हायवे गावाबाहेरून गेला तेव्हा ट्रक आटले. राहिले ते ट्रॅक्टर, ऑटो आणि जुन्या जीपा. साठी उलटली तरी तो सकाळी शेड झाडून, पाने-पकडी पुसून, जागेवर लावून मगच चहा घ्यायचा.

उन्हाळा लागत होता. नानाजी बोढे नावाचा म्हातारा शेतकरी वारला, त्याच्या दुसऱ्या दिवशी फकिरा शववाहिका घेऊन शेडसमोर आला.

शववाहिका म्हणजे जुनी लांब जीप. आधी ती एका दवाखान्याची ॲम्ब्युलन्स होती. गावातल्या दुकानदारांच्या मंडळाने ती घेतली, मागचा भाग उघडा केला, तिरडी ठेवायला लोखंडी चौकट बसवली. फकिरा तिचा ड्रायव्हर. रोज मयतीत वावरून त्याच्या जिभेला हाड राहिले नव्हते.

"घनश्यामभाऊ, हिच्यात भूत शिरलं म्हन्तात लोक," तो उतरत म्हणाला. "मी म्हनलं, भूत असन त डिझल कायले पेते?"

"काय झालं?"

"काल नानाजीची मयत होती. विसाव्यावर उभी केली अन् तापली. असी तापली का बॉनेटमधून वाफ निघाली. बंद केली त मंग उठेचना. शेवटी लोकाइनं खांद्यावर नेलं म्हाताऱ्याले."

विसावा म्हणजे घर आणि स्मशान यांच्या मधली जागा. पूर्वी तिथे तिरडी जमिनीवर टेकवायचे, खांदेकरी बाजू बदलायचे आणि पुढे निघायचे. आता तिरडी गाडीतून जाते, पण विसावा सुटलेला नाही. गाडी तिथे थांबते, लोक भोवती उभे राहतात, मागे राहिलेले येऊन मिळतात. पांढरकवड्याच्या त्या भागातला विसावा एका फाट्यावर, कडुनिंबाखाली आहे. तिथून एक वाट स्मशानाकडे जाते आणि दुसरी शेतांकडे.

"विसाव्यावर गाडी चालूच ठेवतं का?" घनश्यामने विचारले.

"मंग? मयत आत असताना बंद केली अन् उठली नाई त लोक मले आत टाकतीन."

"अन् कधी तापते?"

"थेच त समजत नाई ना, भाऊ. रोडवर पळवली का थंडगार. रिकामी इथं उभी करून ठेवा, काई होत नाई. मयत घेऊन हळूहळू चालली, उभी राह्यली, का काटा वर. हिवाळ्यात धकून गेलं. आता ऊन लागलं."

या गाडीला आधी बरेच हात लागले होते. कोणी रेडिएटर धुऊन दिला होता. कोणी पाण्याचा पंप नवा टाकला होता. कोणी थर्मोस्टॅट काढून फेकला होता. आपल्याकडच्या उन्हात त्याचे काय काम, असे म्हणून. कोणी इंजिनचे हेड उतरवून गॅस्केट बदलले होते. प्रत्येकाने काम केले होते आणि गाडी कोणी पाहिली नव्हती.

घनश्यामने बॉनेटला हात लावला, आणि तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. नानाजीची सून कुंदा.

"या ना, वहिनी," घनश्याम म्हणाला. "आत सावलीत या."

"सुतकात हाये, भाऊ. इथूनच बोलतो." ती गाडीकडे पाहत होती, त्याच्याकडे नाही. "गाडी काहून थांबली?"

"अजून पाह्यली नाई."

"मामाजीनं थांबवली म्हन्तात सारे."

फकिरा काहीतरी बोलणार होता. घनश्यामने त्याच्याकडे पाहिले, तसा तो गप्प बसला.

मग कुंदाने सांगितले. सासरा थंडीपासून अंथरुणावर होता. त्याचे अंग पुसणे, त्याला भरवणे, कूस बदलणे, सारे तिच्याकडे. नवरा कमलाकर दिवसभर शेतात. म्हाताऱ्याचा एकच धोशा होता, मले वावरात न्या. तूर कापली गेली, कापसाची शेवटची वेचणी झाली, तरी त्याचे तेच. डॉक्टरने सांगितले होते, याला हलवू नका, बैलगाडीच्या वाटेचे धक्के सोसणार नाहीत. कमलाकर एकदा न्यायला तयार झाला होता. कुंदाने अडवले. आणि गाडी थांबली ती नेमकी फाट्यावर, जिथून त्यांच्या वावराची वाट फुटते.

"आत्याबाई म्हन्तात, भावाची इच्छा राह्यली. तू अडवलं, म्हनून तो अडला." आत्याबाई म्हणजे नानाजीची बहीण मैनाबाई. "दहाव्याले पिंडासमोर उभी राह्य म्हन्तात. साऱ्या पाव्हन्यासमोर म्हन, मी चुकली, मले माफ करा. तवाच कावळा शिवन."

"अन् कमलाकर काय म्हन्ते?"

"थे काईच म्हनत नाई."

कुंदाने गाडीवरून नजर काढून घनश्यामकडे पाहिले. मग म्हणाली, "म्हनून टाकीन मी, भाऊ. चुकली असन त म्हनाले कायची लाज? पन चुकली नसन अन् म्हनलं, त मी जन्मभर सासऱ्याले तरसवनारी सून. पोराइले बी थेच आयकू येईन. मले रातभर समजून नाई राह्यलं, का मी चुकली का नाई. तुमी पाहून सांगा. माह्या बाजूनं नोका सांगू. गाडीच्या बाजूनं सांगा."

"दहाव्याच्या आधी सांगतो," घनश्याम म्हणाला.

ती गेली. घनश्यामने त्या दिवशी दुसरी गाडी हाती घेतली नाही.

आधी इंजिन थंड होऊ दिले. थंड इंजिन खोटे बोलत नाही, असे तो म्हणायचा. रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहिले. गंज नव्हता, तेलाचा तवंग नव्हता. झाकणाचे रबर दाबून पाहिले. पंपाचा पंखा धरून पुढे-मागे हलवला, खेळ नव्हता. पट्टा अंगठ्याने दाबला. पाण्याचे रबरी होज दाबून पाहिले, कुठे आतून फुगलेले किंवा चिकटलेले नाही. इंजिन ऑइलची कांडी काढून पुसली, वासही घेतला. पाणी मिसळलेले नव्हते. मग गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या तोंडाशी वाकून बुडबुडे येतात का ते पाहत राहिला. हेड फुटले असते तर बुडबुडे आले असते. आले नाहीत. पाणी गरम झाल्यावर त्याने रेडिएटरच्या पाठीवरून हात फिरवला. आत क्षार बसून एखादी नळी बुजली असली की तिथे गार लागते. सगळीकडे सारखे गरम लागत होते.

गाडी शेडसमोर उन्हात चालू उभी राहिली. तापमानाचा काटा अर्ध्याच्या थोडा वर चढला आणि तिथेच थांबला. घनश्याम खुर्ची ओढून काट्यासमोर बसला. दुपार कलेपर्यंत काटा जागचा हलला नाही.

एक गोष्ट त्याला दिसली. पंख्याभोवती जे पत्र्याचे गोल कव्हर असते, ते नव्हते. पंप बदलताना कोणीतरी काढले आणि परत बसवायचा कंटाळा केला. कव्हर नसले की पंखा समोरची हवा पुरती ओढत नाही, मागची गरम हवाच घुसळत बसतो. हे कारण खरे होते, पण पुरेसे नव्हते. कव्हर तर आताही नव्हते आणि गाडी तापत नव्हती.

संध्याकाळी फकिरा आला.

"सापडलं?"

"नाई."

"मंग सांगून टाका ना बाईले, पंप खराब होता म्हना. तिचा जीव मोकळा होईन."

"पंप खराब नाई."

"तिले काय समजते त्याच्यातलं?"

"मले समजते," घनश्याम म्हणाला.

फकिरा बिडी पेटवून बसला. घनश्याम गाडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या मयतीत मी गाडीसोबत चालतो."

"कोनाच्या?" फकिराने धूर सोडला. "मरनाराले निरोप देऊ का, मिस्त्री मोकळा हाये म्हनून?"

निरोप द्यावा लागला नाही. दहाव्याला थोडे दिवस उरले होते, आणि नव्या कॉलनीतली एक म्हातारी वारली. शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांची विधवा. घनश्याम त्या घराला ओळखत नव्हता. धुतलेला सदरा घालून, टोपी घालून तो गेला आणि गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उभा राहिला. लोकांना वाटले, गावातलाच कोणी असेल.

तिरडी गाडीत ठेवली. बायका रडत होत्या. तेवढ्यात दोन पोरे एक गुंडाळी घेऊन आली आणि त्यांनी ती गाडीच्या तोंडावर उलगडली. फ्लेक्स होता. त्यावर म्हातारीचा हसरा फोटो, हात जोडलेले, खाली नाव आणि श्रद्धांजली. बारीक तार घेऊन त्यांनी तो पुढच्या जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधला. वरून झेंडूचा जाडजूड हार सोडला. काम त्यांनी मन लावून केले होते. एक सुरकुती राहू दिली नव्हती.

घनश्याम त्या फ्लेक्सकडे पाहत राहिला. वेगवेगळ्या मिस्त्र्यांकडे ही गाडी कितीदा गेली होती. तोंड कायम उघडे होते. स्मशानात तिरडी उतरली की घरचे लोक फ्लेक्स सोडून नेत आणि मगच गाडी मिस्त्रीकडे येई. एकाही मिस्त्रीने तिला बांधलेल्या तोंडाने पाहिले नव्हते. आणि फकिरा रोज पाहत होता, पण फकिराच्या लेखी तो फ्लेक्स गाडीचा भाग नव्हता, मयतीचा भाग होता.

अंत्ययात्रा निघाली. गाडी माणसाच्या पावलाने चालत होती. घनश्यामने बॉनेटच्या कडेशी हात धरला. चौकापर्यंत धग वाढली. त्याने खिडकीतून विचारले, "काटा?"

"चढून राह्यला," फकिरा दबल्या आवाजात म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "भाऊ, आजबी उभी राह्यली त लोक मले जित्तं नाई ठेवत."

विसावा आला. गाडी कडुनिंबाखाली थांबली. इंजिन चालू. लोक गोळा झाले. काटा लाल पट्टीच्या जवळ गेला. घनश्यामला आता आणखी पाहायचे होते, शेवटपर्यंत. त्याशिवाय त्याची खात्री पटत नसे. पण आत एका घरची आई होती, आणि गाडी बंद पडली तर त्या घरातही कोणाकडे तरी बोट दाखवले जाणार होते. तो म्हातारीच्या मुलाकडे गेला. मुलगा बँकेत नोकरीला होता. हातात मडके घेऊन उभा होता.

"साहेब, एक विनंती हाये," घनश्याम हळू म्हणाला. "मी मिस्त्री. गाडी तापून राह्यली. हा फ्लेक्स जाळीवरून काढाव लागते."

मुलाला आधी समजले नाही. मग त्याचा चेहरा बदलला. "आईचा फोटो काढायचा? इथे? रस्त्यात?"

"खाली नाई ठेवायचा. वर टपावर बांधू. मांगच्या लोकाइलेही दिसन."

मुलगा त्याच्याकडे पाहत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "नीट बांधा. दुमडू देऊ नका."

घनश्यामने स्वतः तारा सोडल्या. हार काढून म्हातारीच्या पायाशी ठेवला. फ्लेक्स टपावर चढवला, चारी टोके ताणली. खाली उतरून जाळीसमोर हात धरला, तर हवा हाताजवळून आत ओढली जात होती. काटा आधी थांबला. मग, लोक निघायच्या बेतात असताना, हळूहळू खाली यायला लागला.

गाडी स्मशानापर्यंत गेली. फकिरा उतरून जाळीसमोर आला. "फलेक्स?" तो म्हणाला. "साला, फलेक्स?"

"अजून पक्कं नाई," घनश्याम म्हणाला. "झाडाची सावली होती. वाराही सुटला असन. एकदा पाह्यलेलं पुरत नाई. बोढ्याकडं जाय अन् सांग, नानाजीचा फ्लेक्स घेऊन या. थोच पाह्यजे, दुसरा नाई."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते आले. कुंदा आली, कमलाकर आला, आणि मागून काठी टेकत मैनाबाई आली. तिला कोणी बोलावले नव्हते. फ्लेक्स कमलाकरच्या काखेत होता. त्यावर बापाचा चेहरा असल्याने कोणी त्याला अडगळीत टाकला नव्हता. देवघराच्या भिंतीला उभा करून ठेवला होता.

"सुतकातल्या मानसाइले रस्त्यावर बोलावते हा," मैनाबाई म्हणाली. "काय तमाशा दाखवतं आता?"

"तमाशा नाई, आत्याबाई. गाडी दाखवतो. बसा."

त्याने गाडी आदल्या दिवशीसारखीच, पण उघड्या उन्हात उभी केली आणि चालू केली. दोऱ्याला कापसाचा पुंजका बांधला होता. तो त्याने जाळीसमोर धरला. पुंजका आत ओढला गेला आणि जाळीला चिकटला.

"हवा आत जाते, पाहा. हेच हिचं पानी थंड करते. पळते तवा वारा आपोआप घुसते. उभी राहते तवा पंख्यालेच ओढाव लागते, अन् उभ्या गाडीचा पंखा हळू फिरते."

काटा अर्ध्याच्या थोडा वर येऊन थांबला. सगळ्यांना पाहू दिला. मग त्याने कमलाकरला म्हटले, "त्या दिवशी बांधला तसा बांधा."

कमलाकरने बांधला. त्याचे हात सावकाश चालत होते. नानाजीचा फोटो जाळीवर ताणला गेला. घनश्यामने फ्लेक्सच्या कडेशी, मग खाली, मग परत वर पुंजका धरला. पुंजका दोऱ्याला नुसता लोंबत राहिला.

मग वाट पाहणे होते. कुंदा खिडकीशी उभी राहून काट्याकडे पाहत होती. घनश्यामने तिला सावलीत बसायला सांगितले नाही. तिने पाहायला मागितले होते. काटा चढला, लाल पट्टीला लागला, आत गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ सुटली. घनश्यामने गाडी बंद केली.

"फ्लेक्स म्या बांधला होता," कमलाकर म्हणाला. तो कोणाकडे पाहत नव्हता. "म्याच बांधला. तिनं नाई."

"तुमी मायेनं बांधला," घनश्याम म्हणाला. "गाडीले थे समजत नाई."

मैनाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "फोटो कोनाचा होता? माह्या भावाचाच ना? मंग त्यानंच थांबवली. मी दुसरं काय म्हनत होती?"

फकिराला हसू आले आणि त्याने तोंड फिरवले. कुंदाचा चेहरा परत उतरला.

घनश्याम रागावला नाही. प्रश्न रास्त आहे, असेच त्याला वाटले. जे वेगळे करून पाहिले नाही त्याबद्दल कोणीही काहीही म्हणू शकते. "थांबा," तो म्हणाला. "थंड होऊ द्या. परत पाहू."

"आता अजून काय?" मैनाबाई उठायला लागली. "चाला घरी."

"बसा, आत्याबाई. अर्धं पाह्यलं का अर्धंच समजते."

इंजिन थंड व्हायला वेळ लागला. तेवढ्यात फकिराने चहा आणला. सुतकाच्या लोकांनी घेतला नाही, म्हणून कोणीच घेतला नाही. घनश्यामने रेडिएटरमधले कमी झालेले पाणी पुन्हा आधीच्याच पातळीपर्यंत भरले. मग नानाजीचा फ्लेक्स सोडला, पुसला, गुंडाळला आणि मैनाबाईच्या मांडीवर दिला. शेडमधून सोयाबीनचे दोन रिकामे कट्टे, प्लास्टिकची पोती, आणले, फाडून एक केले, फ्लेक्सने व्यापली होती तेवढीच जागा, तेवढ्याच तारा, त्याच ताणाने जाळीवर बांधले. गाडी चालू केली.

"आता याच्यावर कोनाचा फोटो नाई," तो म्हणाला. "नानाजी तुमच्या मांडीवर हायेत."

काटा चढला. पहिल्यासारखाच. लाल पट्टीत गेला.

मैनाबाईने गुंडाळी छातीशी धरली. मग म्हणाली, "असन बापा. तू पाह्यलं त असन." आणि थांबून, "मी पोचली तवा तो गेलता. एक घोट पानी बी मले घालाले भेटलं नाई. कोनाले तरी म्हनाव वाटते ना."

घनश्यामने गाडी बंद केली.

कुंदा जवळ आली. "म्हंजे त्याइले वावरात जायचं नवतं?"

"जायचं असनच, वहिनी. रोज म्हनत होते, तुमीच सांगतलं. पन गाडी त्याच्यानं थांबली नाई. विसावा तिथं हाये, म्हनून तिथं उभी होती. तोंड बांधलं होतं, म्हनून तापली. इतकंच मी सांगू शकतो. डॉक्टरनं बरोबर सांगतलं का नाई, तुमी न्याव लागत होतं का नाई, थे माह्या हातात नाई."

"इतकं बस झालं," कुंदा म्हणाली.

ते गेल्यावर घनश्यामने ऑइलच्या जुन्या ड्रमचा पत्रा कापला, वाकवला, पंख्याभोवती कव्हर बसवले. कडा घासून घेतल्या, पुढच्या मिस्त्रीचा हात कापू नये म्हणून. फ्लेक्स बांधायला टपावर लोखंडी चौकट जोडली. फकिराला बजावले, जाळीवर कोणी हारसुद्धा टाकायचा नाही. "मरनाराचे लोक आयकतीन का?" फकिरा म्हणाला. "तू आयक," घनश्याम म्हणाला.

दहाव्याला तो घाटावर गेला. नाल्याला पाणी थोडे होते. पिंड ठेवले, लोक मागे सरले. कावळे पलीकडच्या बाभळींवर बसले होते, खाली येत नव्हते. ऊन तापले. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. आणि एकेकाची नजर कुंदाकडे वळायला लागली. तिला उभे राहायला सांगणारी मैनाबाई मात्र खाली मान घालून बसली होती.

कमलाकर उठायला लागला. कुंदाने त्याला हाताने थांबवले आणि ती स्वतः पुढे गेली. पिंडासमोर उभी राहिली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मामाजी, तुमाले वावरात जायचं होतं. म्या जाऊ देलं नाई. धक्के लागतीन म्हनून जाऊ देलं नाई. थे मले लागून राहीन, जित्ती आहो तवपर्यंत. पन गाडी तापली होती, मामाजी. तुमी थांबवली नाई, अन् म्या बी थांबवली नाई."

एवढे बोलून ती रडायला लागली. सासरा गेल्यापासून ती रडली नव्हती, हे कमलाकरने नंतर घनश्यामला सांगितले. सगळे दिवस ती नुसती भीत होती.

कावळा शिवला, पण उशिरा. घनश्यामने त्याचा काही अर्थ काढला नाही. ऊन होते, कावळे सावलीत होते. ऊन कलले, तसे आले.

लोक हात-पाय धुवायला नाल्याकडे उतरले. उतारावर दगड सुटे होते. मैनाबाई आणि कुंदा शेवटी उतरल्या, एकमेकींचा दंड धरून. मैनाबाईने आधी हात पुढे केला की कुंदाने, हे गावात लोक दोन्ही तऱ्हेने सांगतात. घनश्यामला विचारले तर तो म्हणतो, मी तेव्हा पाठमोरा होतो, मला दिसले नाही.